गिऱ्हाईक नसलेला आजार

नवा शोध लागला की टाळ्या आधी वाजतात. तो कुणासाठी लावला, हा प्रश्न नंतर येतो. बहुतेकदा येतच नाही.

एफ्लोर्निथिन हे औषध घ्या. आफ्रिकेत त्से-त्से माशी चावल्याने निद्रारोग होतो. उपचार नसेल तर रोगी सहसा वाचत नाही. जुनं औषध आर्सेनिकवर बेतलेलं. ते घेणाऱ्या साधारण वीसांतल्या एकाचा जीव औषधच घेई. १९९० मध्ये अमेरिकेत एफ्लोर्निथिनला मंजुरी मिळाली. बेशुद्ध पडलेले रोगी त्याने उठून बसू लागले.

पाच वर्षांत उत्पादन बंद.

औषध कुचकामी निघालं? नाही. रोगी संपले? नाही. रोग्यांच्या खिशात पैसे नव्हते.

२००० मध्ये तेच रसायन अमेरिकी बाजारात परतलं. बायकांच्या चेहऱ्यावरचे नकोसे केस कमी करणारं क्रीम म्हणून. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संस्थांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे २००१ मध्ये कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेशी करार केला आणि निद्रारोगाचं औषध पुन्हा मिळू लागलं. मधल्या काळात विज्ञान बदललं नव्हतं. कंपनीची अब्रू पणाला लागली होती.

क्रीम बनवणं पाप नाही. जिला हवं तिला ते जरूर मिळावं. प्रश्न रांगेचा आहे. मरणारा माणूस मागे का?

आफ्रिका लांब वाटते? मग आपल्या बांधावर या.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच प्रतिविष. घोड्याला विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचं, ही मूळ रीत १८९०च्या दशकातली. सापाचं विष मुलखागणिक बदलतं, त्यामुळे हे प्रतिविष काही भागांत तोकडं पडतं. जाणकारांना हे केव्हापासून ठाऊक आहे.

मग नवं का आलं नाही? कारण साप शेतमजुराला चावतो, गुंतवणूकदाराला नाही.

संशोधन संस्थांमध्ये नीतिसमिती असते. संमतीपत्र पाहते, जोखीम पाहते. पाहायलाच हवी. पण हाच विषय का, दुसरा का नाही, हे ती सहसा विचारत नाही. ते आधीच ठरलेलं असतं. पैसे देणाऱ्याच्या टेबलावर.

‘पण संशोधनाला पैसा लागतो हो!’ लागतो. दरवेळी कोट्यवधीच लागतात का?

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना विचारा. कोकणात लाल विंचू चावून पोरंबाळं दगावत होती. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. ‘लॅन्सेट’ने त्यांचं काम छापलं. गोळी आधीपासून दुकानात होती.

नव्हता तो विंचू चावलेल्या पोराकडे पाहणारा माणूस.

तेव्हा यापुढे कुणी नव्या कल्पनेचं सादरीकरण घेऊन आला, तर ‘बाजार केवढा?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न हा: हे झालंच नाही, तर कुणाचं काय बिघडेल? उत्तरात फक्त नफा बुडत असेल, तर त्याने स्वतःच्या पैशावर खुशाल करावं.

सरकारी पैशावर मात्र नाही. भातलावणी करणारी बाई काडेपेटी घेते, तेव्हा तीही कर भरते. त्या पैशातून होणाऱ्या संशोधनावर पहिला हक्क तिचा आहे. तो तिला मागावा लागू नये.