जुन्या कन्सोलचे जाणकार व्हा : नवशिक्यांसाठी पहिला धडा

जुन्या व्हिडिओ गेमचा नाद नव्यानेच लागलेल्यांना आधीच सांगून ठेवतो : खेळायच्या भानगडीत पडू नका. खेळता कुणालाही येतं. आपल्याला जाणकार व्हायचं आहे, आणि जाणकार माणूस कन्सोल दिसला की तो कोणत्या देशातला, एवढंच विचारतो. उत्तर काहीही येवो, चेहरा जरासा पाडायचा आणि म्हणायचं, "अच्छा, अमेरिकन का..." निम्मं काम इथेच झालं.

आता प्रात्यक्षिक. घरी निंटेंडोचा जपानी फॅमिकॉम आणलात, तर पहिली पायरी म्हणजे प्लग लावू नका. त्याचा अॅडॅप्टर १०० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३०. मग हुशारी करून अमेरिकी निंटेंडोचा अॅडॅप्टर शोधाल. त्याची पिन फॅमिकॉममध्ये छान बसते, हाच घोटाळा. तो एसी सोडतो आणि फॅमिकॉमला हवा असतो डीसी. यानंतरचा धडा दुरुस्तीवाल्याकडे.

फॅमिकॉम १९८३च्या जुलैत जपानात १४,८०० येनला आला. मासायुकी उएमुरा यांनी घडवलेलं हे पांढरं-तांबडं, खेळण्यासारखंच दिसणारं यंत्र. कॅसेट वरून खोचायची. ती उडवून बाहेर काढायला एक खटका आहे, त्याची खरं तर गरज नव्हती. हाताने ओढली तरी कॅसेट निघते. पण पोरांना खटका दाबायला मजा येते, म्हणून ठेवला. दोन्ही कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडलेले, आणि दुसऱ्यावर स्टार्ट-सिलेक्टच्या जागी चक्क माइक. 'झेल्डा'मध्ये एक लांब कानांचा राक्षस आहे. माइकमध्ये ओरडलं की तो मरतो. हाच खेळ अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या कंट्रोलरला माइकच नव्हता. तरी माहितीपुस्तिकेत 'याला मोठा आवाज सहन होत नाही' हे वाक्य तसंच राहून गेलं. बिचारी अमेरिकी पोरं खेळातली बासरी फुंकत बसली, आणि राक्षस तसाच उड्या मारत राहिला. तिकडे त्याला बाण लागतो. ही गोष्ट पाठ करा, कुठल्याही बैठकीत चालते.

अमेरिकी अवतार समजून घ्यायचा तर आधी तिथल्या दुकानदाराची भीती समजून घ्या. १९८३च्या सुमारास तिकडचा व्हिडिओ गेमचा बाजार असा कोसळला, की न खपलेल्या कॅसेटींचे ढीग उरावर घेऊन बसलेला दुकानदार 'व्हिडिओ गेम' म्हटलं की दार लावून घेई. म्हणून १९८५मध्ये निंटेंडो न्यूयॉर्कमध्ये उतरली ती सोवळं नेसून. लान्स बार यांनी त्याच यंत्राला करड्या रंगाची, व्हीसीआरसारखी पेटी चढवली. कॅसेट समोरच्या झाकणातून आत सरकवायची आणि खाली दाबायची. यंत्राला नाव 'एंटरटेनमेंट सिस्टिम'. सोबतीला रॉब नावाचा रोबो, ज्याला जेमतेम दोन खेळ खेळता येत. रोबो कामाचा नव्हताच. दुकानात शिरायचं निमित्त होता.

ही व्हीसीआरची ऐट पुढे महागात पडली. दाबून दाबून आतले संपर्क सैल होत. त्यात एक कुलूपचिप बसवलेली. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं जुळलं नाही, की ती यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट करी. लाल दिवा लुकलुकत राही, आणि घरातला प्रत्येक जण कॅसेटमध्ये फुंकर मारी. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात, हे जाणकाराने सांगायचं असतं. सांगून झालं की कुणी बघत नसताना आपणही एकदा मारायची.

पुढची पिढी आली तेव्हा बार यांनी पुन्हा हात चालवला. जपानी सुपर फॅमिकॉम मऊ कोपऱ्यांचा. बटणं लाल, पिवळी, निळी, हिरवी. १९९१चा अमेरिकी भाऊ चौकोनी, जांभळ्या खटक्यांचा. त्याची पाठ मुद्दाम फुगीर ठेवली, कारण सपाट जागा दिसली की लोक त्यावर पेयाचे ग्लास ठेवतात. माझ्या मते दोघांत देखणा जपानीच, आणि युरोपने तोच घेतला. बरं, जपानी कॅसेट अमेरिकी यंत्रात बसू नये म्हणून कोणतं प्रगत तंत्रज्ञान वापरलं असेल? खाचेच्या तोंडाशी प्लास्टिकचे दोन खुंट. साहित्य : एक पक्कड. वेळ : चहा उकळेपर्यंत.

युरोपीय यंत्रात मात्र पक्कड चालत नाही. तिथे आडवा येतो तो टीव्हीच. जपान-अमेरिकेत पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, युरोपात ५०. बऱ्याच कंपन्यांनी त्यासाठी खेळ नीट जुळवलेच नाहीत, तसेच पाठवून दिले. परिणामी ज्याची सगळी मिजास वेगावर, तो सेगाचा १९९१चा सॉनिक युरोपात सुमारे १७ टक्के मंद धावला. संगीतही रेंगाळलं, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या त्या वेगळ्याच. युरोपियन संग्राहकाशी बोलताना हा विषय हळुवारपणे काढावा. खरं तर काढूच नये.

एनईसीचं पीसी इंजिन पाहायला मिळालं तर हातात घ्या. १९८७चं हे जपानी यंत्र तळहातावर मावतं. अमेरिकेत जाताना ते चांगलंच ऐसपैस केलं गेलं. वाढीव जागेत काय आहे, ते उघडून बघू नका. हवा आहे. कोरियात तर तेव्हा जपानी सांस्कृतिक मालावर बंदी होती, म्हणून निंटेंडोचं यंत्र ह्युंदाईच्या आणि सेगाचं सॅमसंगच्या नावाने विकलं गेलं. पाहुण्यांसमोर पेटी तशी मांडा, पण ओळख आपण करून देऊ नका. त्यांनी आधी 'ह्युंदाईची गाडी असते ना?' असं विचारायला हवं.

शेवटी आपली पेटी. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या फुटपाथपासून तालुक्याच्या जत्रेपर्यंत जी '९९९९९९ इन १'वाली यंत्रं मिळत, ती आतून फॅमिकॉमची नक्कल. बाहेरून मात्र कधी सेगासारखी, कधी प्लेस्टेशनसारखी. झाकण उघडलंत तर चिपांच्या जागी हिरव्या पाटीवर डांबरासारखा एक काळा ठिपका दिसतो. जाणकार याला नाक मुरडतात. पण यातल्या बहुतेक यंत्रांची कॅसेटची खाच जपानी मापाची, ६० पिनांची, आणि कुलूपचिप नाही. म्हणजे तुम्ही जपानहून मागवलेली अस्सल कॅसेट, जी ७२ पिनांच्या अस्सल अमेरिकी निंटेंडोत जोडणीशिवाय शिरत नाही, ती या फुटपाथी डब्यात पहिल्या झटक्यात बसते. हे संग्राहकांच्या बैठकीत बोलू नका. विशेषतः कुणी आपला अमेरिकी संच विकायला काढला असेल तर.