तोरणा अकरावीत, राजगड बारावीत

राजगडावरून तोरणा आणि तोरण्यावरून रायगड अशी चाल ठरली, की पहिलं भांडण कोणाची सॅक जड यावर होत नाही. नकाशा कोणाचा खरा यावर होतं. आमच्या गटात तीन पक्ष होते. सरांचा पक्ष सरकारी, वहिनींचा ग्रंथप्रामाण्यवादी आणि भाच्याचा मोबाइलवादी. मी अपक्ष. म्हणजे ज्याच्या सॅकमध्ये खाऊ, त्याला माझा बाहेरून पाठिंबा.

सर निवृत्त शिक्षक. ‘वाट कुठली?’ एवढंच विचारलं, तर ते १७६७पासून सुरुवात करतात, कारण त्या साली सर्व्हे ऑफ इंडिया सुरू झालं. सर्वेक्षक जेम्स रेनेलपर्यंत ते पोचले, तोवर चहा गार झाला होता. मग त्यांनी सतरंजीवर टोपोशीट पसरली. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. ‘हे बघा आपलं गाव,’ म्हणून सर जे बोट ठेवत, त्याखाली ते गाव, त्याची विहीर, शेजारची वाडी आणि अर्धा डोंगर एकदम गडप होई.

जुन्या मालिकेत हा मुलूख ‘४७ एफ’ या मोठ्या चौकोनात येतो. त्याचे सोळा तुकडे. तोरणा अकरा नंबरच्या तुकड्यात आणि राजगडाचा बालेकिल्ला बारा नंबरच्या, तोही अगदी वरच्या काठाला चिकटून. पायथ्याचं गुंजवणे मात्र अकरातच. म्हणजे गुंजवण्यातून राजगड चढणारा रीतसर अकरावी पास होऊन बारावीत जातो आणि तोरण्याला पोचतो तेव्हा पुन्हा अकरावीत बसलेला असतो. रायगड तर साक्षात राजधानी, पण त्याला ठेवलाय आठवीत. सगळ्यात मोठी गंमत मोहरी गावाकडे. घाटमाथा संपून कोकणात उतरायची वेळ येते, त्याच्याच आसपास सात, आठ, अकरा आणि बारा या चारही पत्रकांचे कोपरे एकमेकांना भिडतात. त्या कड्यावर वारा असा, की माणसानं आधी टोपी धरावी आणि मग मत मांडावं. तिथे चार पत्रकं जुळवून धरायला चार माणसं लागतात आणि प्रत्यक्ष वाट बघायला पाचवा. तो पाचवा नेमका फोटो काढत असतो.

सरकारी नकाशाचा मान मोठा आहे, यात शंका नाही. २०१७मध्ये तो आधार क्रमांक देऊन फुकट उतरवून घेता येऊ लागला. आपल्याच डोंगरापुढे आपण आपणच असल्याचं सिद्ध केलं, की डोंगर ओळख देई. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा वाचता आल्या, तर चढ कुठे छातीवर येणार आणि धार कुठे रुंदावणार, हे घरी पंख्याखाली बसून कळतं. पण दोन रेषांमधलं अंतर उंचीत वीस मीटर. मधे पंधरा मीटरचा सरळसोट कातळ उभा असला, तर तो दोन रेषांच्या मधे सुखानं लपून बसतो. ‘नकाशात इथे काहीच नाही,’ असं सर ठामपणे सांगत होते, तेव्हा ते ‘काहीच नाही’ पाच मजली इमारतीएवढं आमच्यासमोर उभं होतं.

वहिनींचा विश्वास छापील शब्दावर. गोनीदांपासून घाणेकरांपर्यंत आणि आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रा’पर्यंत सगळं त्यांनी वाचलेलं. गोनीदा वाचले, की माणूस पायांत बूट नसतानाही निघतो. वाटेचं टिपण देणाऱ्या पुस्तकांचा मामला वेगळा. त्यातलं एक जुनं टिपण वहिनींनी झेरॉक्स करून आणलं होतं. ‘डेरेदार आंब्यापासून डावीकडे वळावे.’ आम्ही आंबा शोधला. एक सापडला, पण तो डेरेदार म्हणावा का, यावर मतभेद झाले. दुसरा डेरेदार होता, पण ते जांभूळ निघालं. तिसऱ्या ठिकाणी नुसतं खोड होतं. तेच ते असावं, असं ठरवून आम्ही डावीकडे वळलो आणि कारवीत घुसलो. पावसाळ्यानंतरची कारवी डोक्याच्या वर जाते. आत शिरलेल्याला पुढचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचं पुटपुटणं ऐकू येतं. शिवाय टिपणातला ‘अर्धा तास’ लिहिणाऱ्याच्या पायांचा. त्यात टेकत टेकत येणारे सर आणि ‘जरा थांबा’ म्हणणारा मी, धरलेले नव्हते.

भाच्याचा मोबाइल या सगळ्यावर हसत होता. घाटमाथ्यावर मोहरीजवळ सिंगापूर नावाचं गाव आहे. भाच्यानं ते शोधलं, तेव्हा मोबाइलनं विमानाची तिकिटं दाखवली. घाटाखालची दापोली शोधली, तर त्यानं आम्हाला थेट रत्नागिरी जिल्ह्यात नेऊन सोडलं. महाड तालुक्यातली दापोली त्याच्या खिजगणतीत नव्हती. मग भाच्यानं हुकमाचा पत्ता काढला. आधी कोणीतरी चालून गेलेल्या वाटेची जीपीएस नोंद. निळी रेघ, तिच्यावर आपला ठिपका, चुकायचा प्रश्नच नाही.

रेघेमागून आम्ही निमूट निघालो. ती चांगल्या मळलेल्या वाटेवरून एकदम उजवीकडे झुडपात शिरली, पन्नास पावलं गेली, एका दगडामागे थांबली आणि परत आली. आम्हीही गेलो, दगडामागे थांबलो आणि परत आलो. तो मूळ गृहस्थ तिथे कशासाठी गेला असेल, हे तिथून परतताना सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. पुढे त्याची वाट चुकली होती, तिथे आमचीही शिस्तीत चुकली. तो पुढे जाऊन माघारी फिरला, आम्हीही फिरलो. नाळेच्या, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या घळीच्या, तोंडाशी तर उंच कड्यांनी उपग्रहांचे संकेत अडवले-परतवले आणि आमचा ठिपका उडी मारून समोरच्या डोंगरावर जाऊन बसला. भाचा त्याला परत बोलवत होता.

अशा रीतीनं तिन्ही पक्षांचं बहुमत गेलं आणि आम्ही मोहरीत एका अंगणात टेकलो. तिथल्या मावशींनी नकाशा, पुस्तक, मोबाइल यांपैकी कशाचीच चौकशी केली नाही. ‘पाणी हाय का बाटलीत?’ एवढंच विचारलं. तेव्हा कुठे लक्षात आलं, की सह्याद्रीत चालणाऱ्याला लागणाऱ्या दोन गोष्टी, फेब्रुवारीनंतर कुठल्या टाक्यात पाणी उरतं आणि फाट्यावर ढोरवाट कुठली नि माणसाची कुठली, या आमच्याजवळच्या एकाही कागदावर नव्हत्या. त्यात कागदाचा दोष नाही. सर्व्हेचं काम सुरू झालं ते राज्य करणाऱ्यांच्या सोयीसाठी; त्यांना मुलूख मोजायचा होता. टिपण लिहिणाऱ्याला गड दाखवायचा होता. रेघवाल्याला आपण जाऊन आलो, हे चारचौघांना कळवायचं होतं. मावशींची गुरं मात्र रोज चरून, पाणी पिऊन घरी येत होती.

कोकणात उतरायला इथे बोराट्याची नाळ आहे, सिंगापूरची नाळ आहे, बोचेघोळ आहे. कुठली धरायची यावर आमचं नवं भांडण पेटायच्या आत मावशींनी आपल्या दिराला वाटाड्या म्हणून हाक मारली. दादा आले. सरांनी आदरानं चारही पत्रकं त्यांच्यापुढे मांडली. दादांनी त्यात आपली वाडी शोधली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘हिरीची जागा चुकलीया.’ सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि सरकारी कागदावर मुकाट्यानं दुरुस्ती केली. वहिनींनी टिपणाच्या समासात तीच नोंद घेतली. भाच्यानं ठिपका टाकून ठेवला. तिन्ही पक्षांचं एकमत झालेला तो पहिला ठराव.

मग पैशाचं बोलणं निघालं. दादांनी सांगितलेला आकडा भाच्याला जरा जास्त वाटला. ‘दादा, नुसती वाट दाखवायचे एवढे?’

दादांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, नवे बूट बघितले, मोबाइल बघितला.

‘वाट दावायचं कसलं पैसं, पाव्हणं? खाली तर तुमी घसरत बी पोचाल. पैसं मला माघारी वर चढून यायचं हायती.’