सरपंचपदाची बोली लावणाऱ्या भाऊंस

भाऊ,

रामराम नंतर घालू. आधी हिशेब.

जानेवारी 2021 मध्ये आपल्या नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीत सरपंचपदासाठी 42 लाखांची बोली लागली. पैसा देवीच्या मंदिरासाठी, असं सांगितलं गेलं. राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले आणि 15 जानेवारीच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना खोंडामळीची निवडणूक रद्द केली. सोबत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याचीही केली. तिथे बोली 2 कोटींच्या वर गेली होती.

ग्रामपंचायतीला उभं राहायची अनामत किती, ठाऊक आहे ना? 500 रुपये, राखीव जागेवर 100. रोजंदारीवर निंदणीला जाणाऱ्या बाईलाही अर्ज भरता यावा, इतकीच. तिथे तुम्ही 42 लाख मोजायला निघालात! ते वसूल कुठून करणार होतात? घरकुलाच्या यादीतून, गटारीच्या बिलातून, की पाण्याच्या टाकीतून? देवीला यात ओढू नका. मंदिर बांधायचं तर वर्गणीची पावती फाडा, गाव हात जोडेल.

आणि विकत तरी काय घेत होतात? तेव्हा सरपंच थेट निवडला जात नव्हता. प्रभागात जितक्या जागा, तितकी मतं मतदार देणार. निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच ठरवणार. त्या वर्षी तर सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतही मतदानानंतर काढायचं ठरलं होतं. पद कोणाच्या वाट्याला जाईल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे तुम्ही खुर्ची विकत घेत नव्हतात, भाऊ. शेजाऱ्याने अर्ज भरू नये, भरलाच तर मागे घ्यावा, याची किंमत मोजत होतात.

याला तुम्ही ‘बिनविरोध’ म्हणता, वर गावाचा एकोपा म्हणता. भांडणं टळतात, हे मला मान्य आहे. भावकीत निवडणुकीने पडलेली फूट मीही पाहिली आहे. पण जागा तेवढेच उमेदवार उरले की मतदानच होत नाही. यंत्र गावात येत नाही, बोटाला शाई लागत नाही. कोणीच पसंत नाही म्हणून ‘नोटा’चं बटण दाबावं, तर तेही नाही. नुकतीच 18 वर्षांची झालेली पोर पहिल्या मताची वाट बघत असते. तिचं मत तुम्ही तिला न विचारता विकत घेता, आणि तिच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही.

नंदुरबारला 42 हा आकडा निराळ्या कारणाने पाठ आहे. 9 सप्टेंबर 1942 ला याच शहरात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्या झेलून पडले. शिरीषकुमार शाळकरी पोर होता. मत द्यायचं वयही त्याचं झालं नव्हतं. त्याच्या जिल्ह्यात तुम्ही त्याच आकड्याने मताचा भाव ठरवलात, याचा मला मनापासून संताप येतो.

2022 पासून सरपंच पुन्हा थेट मतदारांच्या मतांवर निवडला जातो. पुढच्या खेपेला अनामत घेऊन तहसीलला या, अर्ज भरा आणि दारोदार फिरा. आमच्याही दारात या. चहा टाकते. गेल्या पाच वर्षांत गावासाठी काय केलं, ते तेवढं सांगा.

नंदुरबार तालुक्यातली एक मतदार