म्हणे, वटवाघळं ऐकतोय!

अहो, ऐकलंत का? छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतली चांगल्या घरची मुलं हल्ली दिवेलागणीला गच्चीवर जाऊन बसतात. पतंग नाही, मोबाइल नाही, मैत्रीण तर नाहीच नाही. हातात डबी आणि नऊ व्होल्टची बॅटरी. काय करतोस रे? "काकू, वटवाघळं ऐकतोय." शिव शिव! डीजेनं कानठळ्या बसलेली पिढी ही, आणि हिला वटवाघळं ऐकायचीयत!

सुरुवात साधीच होती. एचसी-एसआर०४ नावाचा दोन डोळ्यांचा सेन्सर, ४० किलोहर्ट्झवर चालणारा. ज्या शहरात नळाचं तोंड आठवडा-आठवडा कोरडं, तिथं टाकीतली पातळी मोजायला तो आणला तर कोण नावं ठेवील? पण वटवाघळंही म्हणे त्याच्याच आसपासच्या सुरात बोलतात, म्हणून एकानं त्याचा ऐकणारा डोळा उपटला आणि तिथून घर बिघडलं.

त्या डोळ्यातून येतं काय, तर मिलिव्होल्टचाही कण. तो म्हणे हजारपट वाढवायचा, तोही एलएम३५८ नावाच्या एकट्या ऑप-अँप चिपकडून! एकट्या सुनेनं अख्ख्या गावजेवणाच्या पोळ्या लाटाव्यात, तसलं हे मागणं. तिची धाव सारी एक मेगाहर्ट्झची. ४० किलोहर्ट्झला पंचवीसपट मिळाले तरी डोक्यावरून पाणी. मग दोन-तीन टप्पे लावा, मधे छोटे कपॅसिटर घालून घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण अडवा. एवढं करून ब्रेडबोर्डवर बाहेर जाणारी तार आत येणारीला चिकटली, की सर्किट स्वतःच शिट्टी घालतं. ऑसिलोस्कोपवर लाट दिसली म्हणून एक पठ्ठ्या "आलं, आलं!" करत नाचला. भर दुपारी!

खरा तमाशा पुढेच. हजारपट वाढवलं तरी स्पीकर गप्प. गप्पच राहणार, माणसाचा कान २० किलोहर्ट्झलाच दार लावतो, ते कितीही जोरात ठोठावा. म्हणून सीडी४०१७ ही मोजणीची चिप लावून वारंवारतेला दहानं भागायचं; ४०चे ४ झाले की टिकटिक ऐकू येते. आणि तपासणी कशी? काकूंच्या किल्ल्यांचा जुडगा समोर खुळखुळवायचा. त्यातूनही अल्ट्रासाउंड निघतो म्हणे. तिजोरीच्या किल्ल्या हो!

हे थेर आजचं नाही. हार्वर्डमधला डोनाल्ड ग्रिफिन नावाचा विद्यार्थी वटवाघळं घेऊन पिअर्स प्राध्यापकांच्या यंत्रापुढे गेला आणि १९३८ मध्ये दोघांनी ती अल्ट्रासाउंडमध्ये बोलतात हे छापूनही टाकलं. आमच्याकडचा एक मात्र झाडाला लटकलेल्या थोरल्या फळखाऊ वटवाघळांखाली तासभर उभा होता. ती असलं काही बोलतच नाहीत, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

आता कोणी बीबी का मकबऱ्यामागच्या लेण्यांत जायचं म्हणतोय. बाळांनो, लेणी संध्याकाळी बंद होतात आणि वटवाघळं तेव्हाच कामाला निघतात. तिथं टॉर्च मारत फिरू नका. गच्चीवरच बसा, आणि काकूंच्या किल्ल्या परत करा.