शनी आमच्या गच्चीला घाबरतो

मेहकरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर असतो, कारण गावाचा अक्षांशच तेवढा. आमच्या गच्चीवरून पाहिलं तर तो शेजारच्या पाण्याच्या टाकीला टेकलेला दिसतो. त्यांनी आणखी एक मजला चढवला की गेलाच. दुर्बिणीच्या तिपाईवरचा तिरका दांडा मात्र नेमका त्याच्याकडेच रोखावा लागतो. मग एकच खुंटी पिळत राहिलं की तारा नजरेतून सटकत नाही, असं पुस्तिका म्हणते. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या शेजारी टाकी नसावी.

खोक्यावर ‘525 पट’ असं ठळक छापलंय. आरसा 114 मिलिमीटरचा. अशा आरशाला मिलिमीटरच्या दुपटीपर्यंतच, म्हणजे सव्वादोनशे पटींच्या आसपासच, मोठं करणं झेपतं; त्यापुढे दिसतो तो मोठा केलेला धूसरपणा. आम्ही 25 मिलिमीटरचं भिंग लावून 36 पटींवर समाधानी असतो. फारच पाहुणे आले तर 10 चं लावून 90.

मोठ्या नळीवरची छोटी शोधक दुर्बीण दिवसाच जुळवून घ्यावी लागते. त्यासाठी मोबाइलचा टॉवर धरला, तर खालून आवाज आला, “काहून भाऊ, कोणाच्या घरात पाहून रायले?” वर बोलावून टॉवर दाखवला. काकांनी डोळा लावला, मान वाकडी करून पुन्हा लावला. “हे तं उलटं दिसून रायलं. बिल असंल तं वापस करा.” आकाशात वर-खाली काही नसतं, हे त्यांना पटलं नाही. टॉवरला असतं, हे मला मान्य करावं लागलं.

2025 च्या दिवाळीनंतर गल्लीला शनी दाखवायचं ठरलं. नेमकं त्याच वर्षी शनीचं कडं आपल्याकडे धार करून होतं. पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेलं कडं, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटरच; कडेनं पाहिलं तर उरते एक रेघ. दर पंधरा वर्षांनी असं होतं. 1612 मध्ये गॅलिलिओही असाच चक्रावला होता. पण गॅलिलिओच्या मागे रांग नव्हती. “कडं कुठंय?” म्हणत पंधरा माणसं गच्चीवर फिरत होती आणि प्रत्येक पावलाला शनी थरथरत होता. जगात लोक साडेसातीला घाबरतात. आमच्या गच्चीवर शनी लोकांना घाबरतो. आजीनं तर डोळाच लावला नाही. म्हणाली, “एका डोळ्यानं नाई पाहू देवाले. माई साडेसाती कधी सरते, तेवढं इचार.”

चंद्रावर मात्र सगळे खूश. खड्डे पाहून एक जण म्हणाला, “आपलं लोणारच की!” लोणार इथून वीस-बावीस किलोमीटर, तेही उल्केनंच पाडलेलं. पण ते पावणेदोन किलोमीटरचं विवर चंद्रावर असतं, तर आमच्या दुर्बिणीतून दिसता दिसता राहिलं असतं. हे ऐकून मंडळी दुखावली. त्यांचा राग चंद्रावर नव्हता, दुर्बिणीवर होता.

शनीचं कडं आता वर्षागणिक उघडत जाईल आणि 2032 च्या सुमारास पुरतं पसरलेलं दिसेल. ज्यांना पाहायचंय त्यांनी जरूर यावं. चपला जिन्यात काढाव्यात, आणि नंबर येईपर्यंत कृपा करून एका जागी बसावं.