घरगुती ॲम्प्लिफायर : जोडणी आणि मांडणी

क्षीण विद्युतसंकेत वाढवून स्पीकरचा पडदा हलवण्याइतका बलवान करणारे यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर. त्याला स्वतःचा आवाज नसतो, निदान नसावा. रेकॉर्ड, सीडी, रेडिओ किंवा फोन यांच्याकडून जे येईल ते मोठे करून पुढे पाठवणे, एवढेच त्याचे काम. हेच काम प्रत्येक कुटुंबात एक-दोन मंडळी विनावीज करीत असतात, पण ती मूळ मजकुरात भर घालतात. ॲम्प्लिफायर घालत नाही, म्हणून त्याला पैसे मोजावे लागतात.

यंत्राबरोबर माहितीपुस्तिका मिळते. तीत अनेक भाषा असतात, मराठी सहसा नसते. आकृतीतली खोली चौकोनी आणि रिकामी असून तिच्या मध्यभागी एकच मनुष्य शांत बसलेला दाखवतात. मराठी दिवाणखान्यात यांपैकी काहीही आढळत नाही. जोडणीतल्या बहुतेक अडचणींचा उगम तारांत नसून या आकृतीत असतो.

प्रथम जागा. रूढ ‘एबी’ वर्गाचा ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा बराच भाग उष्णतेत घालवतो. ही उष्णता वरच्या जाळीतून बाहेर पडावी लागते, म्हणून त्याच्या डोक्यावर काही इंच मोकळी हवा हवी. परंतु सपाट पृष्ठभाग मोकळा राहू न देण्याचा नियम बहुतेक घरांत कसोशीने पाळला जातो. पहिल्या आठवड्यात जाळीवर क्रोशाचा रुमाल येतो, नंतर फुलदाणी, नंतर नातवाचा पदवीदानाचा फोटो. ॲम्प्लिफायर तापून आपोआप बंद पडला की ‘नवीन वस्तूंत पूर्वीचा दम राहिला नाही’ असा निष्कर्ष निघतो. ‘डी’ वर्गाचे ॲम्प्लिफायर फारच कमी तापतात. जेथे रुमाल अटळ आहे तेथे तेच घ्यावेत.

यानंतर मागची बाजू. प्लग भिंतीतून काढलेला असतानाच तिला हात लावावा. तेथे लाल-पांढऱ्या भोकांच्या जोड्या दिसतात. त्यांतल्या पिनांना आरसीए म्हणतात, कारण त्या रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने रूढ केल्या. लाल उजवीकडचा, पांढरा किंवा काळा डावीकडचा. हा उजवा समोर बसून ऐकणाऱ्याचा उजवा होय. शोकेसमागे वाकून, दातांत टॉर्च धरून पिना लावणाऱ्याचा नव्हे. रंग पाळले तर दिशेचा विचारच करावा लागत नाही. तरी तो केला जातो आणि त्यातूनच अदलाबदल होते.

सीडी, ट्यूनर, ऑक्स अशी नावे भोकांवर छापलेली असली तरी विजेच्या दृष्टीने ती सारखीच आहेत. सीडीच्या भोकात टीव्ही लावला तर काहीही बिघडत नाही. फक्त टीव्ही ऐकण्यासाठी सीडीचे बटण दाबावे लागते, हे घरातल्या प्रत्येकाला आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत बसावे लागते.

अपवाद फोनो या भोकाचा. तो रेकॉर्डच्या तबकडीसाठी राखीव असतो. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्टचा संकेत देतो, तर सुईमागचे चुंबकी कार्ट्रिज सुमारे ५ मिलिव्होल्टचा. म्हणजे चारशेपट फरक. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. १९५४ च्या सुमारास ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार फोनोचा भाग ते पुन्हा समतोल करतो. तबकडी ऑक्सला लावल्यास गायक शेजारच्या इमारतीत गात असल्यासारखा येतो. सीडी फोनोला लावल्यास तो त्याच खोलीत येतो, पण ओळखू येत नाही.

स्पीकरची वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर मिळते. दुकानदार ऑक्सिजनमुक्त तांब्याचे गुण सांगतो. ते ऐकून घ्यावे आणि जाडी विचारावी. १.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या पाच मीटर दुपदरी वायरीचा जाता-येता रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. खरा प्रश्न लांबीचा. खरेदीच्या वेळी अंतर सरळ रेषेत सांगितले जाते. घरात वायरीला चौकट, कपाट आणि न हलणारा दिवाण यांना वळसा घालून जावे लागते. म्हणून ती हातभर कमी पडते. मोजून आणलेली वायर पुरल्याचे उदाहरण दुर्मिळ आहे.

टोके सोलल्यावर तारांचे पीळ नीट घट्ट करावेत. एक सुटी तार शेजारच्या स्क्रूला टेकली तरी शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. लाल लालला, काळा काळ्याला. एकाच स्पीकरची जोडणी उलट झाली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, दोघांचे खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि तबला पत्र्याचा वाटू लागतो. स्पीकरची खूण पुसली असल्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावे. पडदा पुढे आला तर सेलचे धन टोक जेथे लागले ते लाल. हा सेल प्रथेप्रमाणे भिंतीवरच्या घड्याळातून काढतात आणि परत लावायला विसरतात.

मागे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन संच लावण्याची सोय असते. आठ ओहमचे दोन संच बहुतेक ॲम्प्लिफायरांवर एकत्र चालवले की भार चार ओहम होतो. तो सोसेल का हे मागेच छापलेले असते. स्वयंपाकघरात स्पीकर नेण्याआधी ते वाचावे.

वॅट या विषयावर जितके खोटे छापले गेले तितके क्वचितच दुसऱ्या एककावर छापले गेले असेल. खोक्यावरच्या पीएमपीओ या आकड्याला सर्वमान्य व्याख्याच नव्हती, आणि शून्य वाढवायला शाई फार लागत नाही. पाहायचा तो आरएमएसचा आकडा. त्यातही वॅट दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबेल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दहापट वॅट लागतात. दिवाणखान्यातले रोजचे ऐकणे बहुधा एखाद-दुसऱ्या वॅटवर भागते. उरलेले वॅट शेजाऱ्यांना माहीत असावेत म्हणून घेतले जातात.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून यंत्र सुरू करावे. ‘गूं’ असा अखंड आवाज आला तर तो ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचा होय. तबकडीची अर्थची बारीक वायर राहून गेली असेल, किंवा केबल टीव्हीच्या वायरीतून अर्थिंगचे वेटोळे झाले असेल. एकेक वायर काढून पाहावी. जी काढल्यावर ‘गूं’ थांबते ती अपराधी. थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला देणारा जाणकार प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला चहा द्यावा, पक्कड देऊ नये.

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीवर असावेत, कोपरे टाळावेत. प्रत्यक्षात एक स्पीकर शोकेसवर जातो, दुसरा सोफ्यामागे, आणि त्रिकोणाचे तिसरे टोक स्वयंपाकघरात पडते. जोडणीची परीक्षा घ्यायला एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण उत्तम. गीतरामायण १९५५ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून सुरू झाले तेव्हाचे ध्वनिमुद्रण मोनोच होते. असा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून, रिकाम्या भिंतीतून यायला हवा. आला नाही तर एक जोडणी उलटी आहे. आला तर ‘मग दोन स्पीकर कशाला घेतले?’ या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे.

लाउडनेसचे बटण हळू आवाजासाठी आहे. आवाज लहान असताना कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. ती तूट हे बटण भरून काढते. पूर्ण आवाजावर ते दाबणे निरर्थक आहे, आणि वरात गेल्याचा भास हवा असेल तरच समर्थनीय.

सुरू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी लावावा, बंद करताना सर्वांत आधी. क्रम चुकला तर स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो, आणि तो वारंवार येत राहिला तर स्पीकर बदलावे लागतात.