नाडकर्ण्यांचा जमाखर्च

माणसाचे मत आणि शेतातले कूळ ह्यांत कायद्याच्या दृष्टीने विशेष अंतर नाही, असे महसूल खात्यात उभा जन्म काढल्यानंतर मी खात्रीपूर्वक सांगू शकतो. दोन्ही प्रथम येतात ती एखाद्या हंगामापुरती म्हणून. हळूहळू वहिवाट पडते, सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढते, आणि पुढे मालकाने 'आता निघा' म्हणावे तर मालकावरच बाहेर पडण्याची पाळी येते. माझ्या मस्तकातल्या पडीत जमिनीत श्री. बापू नाडकर्णी ह्यांच्याविषयीचे एक मत १९५५ च्या डिसेंबरात असेच कूळ म्हणून शिरले, आणि १ एप्रिल १९५७ रोजी मुंबई राज्यातली कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली त्या मुहूर्तावर तेही मालक झाले असावे; कारण त्यानंतर त्याने मला खंड दिल्याचे स्मरत नाही. ते मत एवढेच होते, की हा गृहस्थ आणखी पुष्कळ काही असेल, परंतु गोलंदाज नव्हे.

वास्तविक असे मत बाळगण्याची मला मुभा नव्हती. मी नाशिकचा आणि नाडकर्णीही नाशिकचे. आपल्या गावचा माणूस कसोटी सामना खेळतो म्हटल्यावर गावकऱ्याने गुणदोषविवेचनाच्या भानगडीत पडू नये, हा अलिखित दंडक आमच्या गावाने इतक्या निष्ठेने पाळला होता, की लहानपणी गोदावरीच्या वाळवंटात ज्याने बापूंचा निदान एकदा तरी त्रिफळा उडवला नाही, असा इसम रविवार कारंज्यापासून पंचवटीपर्यंत शोधूनही सापडला नसता. (ह्या सर्व जबान्या ग्राह्य धरल्या तर बापूंचे संपूर्ण बालपण बाद होण्यातच गेले असले पाहिजे.) मी मात्र त्यांचा त्रिफळा कधी उडवला नव्हता, आणि म्हणूनच बहुधा माझ्याजवळ गावाहून निराळे मत शिल्लक राहिले होते.

त्या मताला कागदोपत्री आधारही होता. दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध विनू मंकड विश्रांतीसाठी बाहेर बसले आणि त्यांच्या रजेच्या जागी नाडकर्ण्यांची हंगामी नेमणूक झाली. ह्या हंगामी इसमाने त्या सामन्यात ५७ षटके टाकली आणि बळी एकही घेतला नाही. आता, त्या सामन्यात न्यूझीलंडने २ बाद ४५० केल्या होत्या, सटक्लिफसाहेब एकटे नाबाद २३० होते, आणि बळी मिळाले नाहीत ही तक्रार नाडकर्ण्यांप्रमाणे इतरांनाही करता आली असती, हे मला दिसत नव्हते असे नाही. पण फिर्यादीने आरोपीच्या बाजूचा पुरावा आपण होऊन दाखल करावा, असा नियम कोणत्याही कोर्टात नाही. त्यांनी फलंदाजीत नाबाद ६८ केल्या, ही रक्कम मी किरकोळ उत्पन्नाच्या सदरी टाकून दिली. पुढच्या सामन्यास मंकड रुजू झाले आणि शिरस्त्याप्रमाणे हंगामी माणसास मोकळे करण्यात आले. वरिष्ठांचा शेरा माझ्याच मताशी जुळला, ह्याचे मला समाधान वाटले.

त्यानंतर १९६०-६१ साली पाकिस्तानचा संघ येऊन पाच सामने खेळला आणि पाचही अनिर्णित राहिले. निकाल न लागलेल्या प्रकरणांचा ढीग मला कचेरीत रोज दिसत होता. तो पाहण्यासाठी क्रिकेटची आवश्यकता नव्हती. त्या ढिगात हात घातला की नाडकर्ण्यांच्या नोंदी हाती लागत. कानपूर : ३२ षटके, २४ निर्धाव, २३ धावा, बळी नाही. दिल्ली : ३४ षटके, २४ निर्धाव, २४ धावा, बळी १. तो एक बळी पाहून मला नक्कलकाराची चूक वाटली.

माझा जीव होता सलीम दुराणींवर. तेही डाव्या हाताचेच, पण केवढा फरक! दुराणी म्हणजे मुलखाचा इनामदार : चौकार दिला तर मोकळ्या हाताने दिला, आणि बळी घेतला तर अशा थाटात, की बाद होणाऱ्याने घरी जाऊन अभिमानाने सांगावे. १९६१-६२ च्या मोसमात इंग्लंडला कलकत्त्यास आणि मद्रासेस आपण हरवले तेव्हा त्या दोन सामन्यांत मिळून दुराणींनी १८ बळी घेतले होते. ह्याला गोलंदाजी म्हणतात, असे मी आमच्या शेजारच्या तात्यांना ऐकवीत असे. तात्या गावच्या दंडकाप्रमाणे बापूंच्या पक्षाचे. वाद घालण्यापेक्षा ते तपकीर ओढीत, आणि तपकीर ओढणाऱ्या माणसाला वादात हरवता येत नाही.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. तारीख १२ जानेवारी १९६४, वार रविवार. मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर पहिला कसोटी सामना, दिवस तिसरा. बुधी कुंदरन ह्यांच्या १९२ आणि विजय मांजरेकरांच्या १०८ धावांवर भारताने ७ बाद ४५७ केल्या होत्या आणि इंग्लंड खेळत होते. आमच्या घरी संक्रांत तोंडावर आल्यामुळे स्वयंपाकघरात तिळगुळाचे लाडू वळून झाले होते व ते पितळी डब्यात भरून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवले होते. बाहेरच्या खोलीत रेडिओ, रेडिओसमोर मी आणि तात्या, आणि तात्यांच्या पुढ्यात एक मूठ चिंचोके. निर्धाव षटक पडले की तात्या एक चिंचोका उजवीकडून डावीकडे सरकवीत.

त्या दुपारी तात्यांच्या हाताला विश्रांती मिळाली नाही. नाडकर्णी येत, चेंडू टाकीत, बोलस किंवा बॅरिंग्टन तो अदबीने अडवीत, चेंडू परत येई. पुन्हा चेंडू, पुन्हा अदब. पोस्टात परवान्याचे पैसे भरून आणलेल्या यंत्रातून मनुष्याने अशी शांतता किती वेळ ऐकावी, ह्याला काही मर्यादा असते. समालोचक हवेबद्दल बोलले, प्रेक्षकांबद्दल बोलले, मग काही वेळ काहीच बोलले नाहीत. एकवीस चिंचोके ओळीने सरकले आणि वर पाच चेंडू : एकूण १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही! मी म्हणालो, "तात्या, इंग्रजांची पोटं बिघडली आहेत म्हणतात. हे श्रेय मद्रासच्या रसमाचं." तात्यांनी तपकीर ओढली.

ह्याच वेळी घरात दुसरा एक सामना चालू होता, त्याकडे माझे लक्ष अर्धवटच होते. आमचे चिरंजीव, वय वर्षे नऊ, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून लाडू मागत होते. त्यांच्या मातुःश्रींचे उत्तर प्रत्येक वेळी एकच : "देवाला दाखवल्याशिवाय नाही." आवाज चढला नाही, शब्द बदलला नाही, तिने मान वर करून पाहिलेही नाही. चिरंजीवांनी अर्जाची भाषा बदलून पाहिली, अर्धा लाडू मागितला, धाकट्या बहिणीला पुढे केले, पोटात दुखते म्हणाले; उत्तर त्याच टप्प्यावर पडे. शेवटी त्रासून ते बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही तरी द्या ना!"

मी उदार माणूस आहे. मी म्हणालो, "एकोणतिसाचा पाढा म्हण. दोन देतो." एरवी हा मुलगा एकोणतिसाच्या पाढ्याच्या वाटेला गेला नसता, पण त्या दिवशी त्याने विचार म्हणून केला नाही, हात मागे बांधून धाडकन सुरुवात केली, आणि सातव्या पायरीला दोनशे तीनच्या जागी दोनशे तेरा म्हणून तो माझ्या हातात अलगद सापडला. लाडू राहिले बाजूला, एक पान शुद्धलेखन मात्र त्याच्या नावे पडले. मुलाला कसे कौशल्याने पेचात धरले, ही हकीकत मी पुढे चार दिवस वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला सांगितली.

इंग्लंडचा डाव ३१७ वर संपल्यावर वर्तमानपत्रात तक्ता आला. त्यात नाडकर्ण्यांच्या नावापुढे ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी असे आकडे होते. खर्चाच्या बाजूला ५ आणि जमेच्या बाजूला भोपळा! माझ्या आठ वर्षांच्या मताला ह्याहून भक्कम दस्तऐवज मिळणे शक्य नव्हते. तो हातात घेऊन मी थेट स्वयंपाकघरात गेलो, कारण तात्या घरी नव्हते आणि विजय हा ताजाच वाढावा लागतो.

"हे बघ. बत्तीस ओव्हर टाकल्या आणि विकेट एक नाही. विकेटी कोणाला? चंदू बोर्ड्यांना. पाच! अठ्ठ्याऐंशी धावा दिल्या, पण पाच माणसं काढली."

कुटुंबाने भाकरी तव्यावर टाकली. "हे नाडकर्णी काहीच देत नव्हते म्हणता?"

"पाच धावा. सबंध डावात."

"आणि त्या बोर्ड्यांकडे धावा मिळत होत्या?"

"मिळत होत्या. अगं, पण मुद्दा तो नाही—"

"अहो, रविवारी मुलाला पकडलंत म्हणून वाडाभर सांगत फिरताय," तिने भाकरी उलटली. "तो तुमच्याकडे आला कशाला, हे विचारलंत का कधी त्याला?"

मी बाहेर येऊन बसलो. वर्तमानपत्र हातात तसेच होते, आकडेही तेच होते, पण सबंध तक्ता कोणीतरी उलटा धरून माझ्यापुढे केल्यासारखा दिसू लागला. बोर्ड्यांच्या नावापुढचे ५ वाचताना मला चिरंजीवांचे हात मागे बांधलेले दिसू लागले. बाहेरच्या खोलीत मी जो बळी घेतला होता, तो सर्व दुपार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शिजत होता आणि माझ्या ताटात केवळ वाढला गेला होता. आणि वाढणारीच्या नावापुढे, आमच्या घरच्या तक्त्यातही, शून्यच होते.

त्यानंतर जी गोष्ट लक्षात आली तिची मला अद्याप लाज वाटते. कुलकर्णी हा गावाचा हिशेब ठेवणारा, आणि नाडकर्णी हा नाडाचा, म्हणजे परगण्याचा. हे मला शिकवावे लागावे अशी माझी नोकरी नव्हती. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने खालसा झाली, तेव्हा त्या नोंदी माझ्या हातून झालेल्या. त्यांपैकी एक वतन सरकारच्या नजरेतून निसटून क्रिकेटच्या मैदानावर बिनबोभाट चालू राहिले होते, आणि मी, दप्तरातला माणूस, आमच्याच पेशातल्या माणसाला इनामदारासारखे का वागत नाही म्हणून आठ वर्षे दोष देत होतो! माझे स्वतःचे काम तरी काय होते? प्रवासभत्त्याची बिले आली की 'खुलासा व्हावा' असा शेरा मारून परत पाठवायची. खुलासा आला की 'अधिक खुलासा व्हावा'. माझ्या टेबलावरून सरकारचा पैसा सुटत नसे. बिले करणारी मंडळी कंटाळून भलत्याच वाटेने साहेबांकडे जात आणि तिथे सापडत. साहेबांची बढती झाली. मी षटके टाकीत राहिलो.

नवे कूळ जुन्यापेक्षा मुजोर निघाले. त्याच फेब्रुवारीत कानपूरला नाडकर्ण्यांनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात नाबाद १२२ केल्या, तेव्हा 'फलंदाजी हे किरकोळ उत्पन्न नव्हे' असे मी तात्यांना खडसावले. तात्यांनी तसे कधी म्हटले नव्हते. त्या मालिकेचेही पाचही सामने अनिर्णित राहिले; पण ह्या खेपेस मला ती प्रलंबित प्रकरणे न वाटता जैसे थे ठेवण्याचे शहाणपणाचे हुकूम वाटले. आणि ऑक्टोबरात त्याच मद्रासेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाडकर्ण्यांनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ असे अकरा बळी घेतले व आपण १३९ धावांनी हरलो, तेव्हा तात्या मुद्दाम आमच्या दारात आले.

"काय भाऊसाहेब, विकेटी पाहिजे होत्या ना तुम्हाला?"

"विकेटी घेण्याचा नाद बरा नव्हे, तात्या," मी म्हणालो. "शिस्त बिघडते."

ह्या भक्तीच्या भरात माझ्या हातून एक अविचार घडला. बापू सरावाच्या वेळी खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी नाणे ठेवतात आणि चेंडूमागून चेंडू त्या नाण्यावर टाकतात, असे ऐकण्यात आले होते. एका सकाळी वाड्याच्या चौकात मी एक पावली फरशीवर ठेवली, चिरंजीवांचा रबरी चेंडू घेतला आणि बावीस पावले मागे जाण्यास चौक पुरत नसल्यामुळे न्हाणीघराच्या दारात पाठ टेकून उभा राहिलो. पहिला चेंडू तुळशीवृंदावनाला लागला. दुसरा तात्यांच्या वाळत घातलेल्या धोतरात गेला. तिसरा कुठे गेला हे मला कळले नाही, पण आतून भांडे पडल्याचा आवाज आला. चौथ्याच्या वेळी पाहतो तो फरशीवर पावली नव्हती.

कुटुंब माजघराच्या दारात उभे होते. मूठ मिटलेली होती.

"माझी पावली," मी म्हणालो.

"कसली पावली?"

मी पुढेही दोन-चारदा विचारून पाहिले. शब्द बदलून, आवाज उतरवून, चिरंजीवांना पुढे करूनही पाहिले. उत्तर एकाच टप्प्यावर पडते. आमच्या घरच्या हिशेबात ती पावली अद्याप येणे बाकी दिसते.